सकाळी लवकर चालू न होणारा आणि छपाईच्या वेळी बंद पडणारा डेस्कटॉप: दोष एसएमपीएसचाच आहे हे खात्रीने कसे ठरवावे?

खानापूर डीटीपी

सर्वांना नमस्कार. खानापुरात माझे डीटीपी आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रके, अर्ज, पावतीपुस्तके अशी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतली कामे एकाच डेस्कटॉपवर होतात, त्यामुळे तो बंद राहिला की दुकानाचे काम थांबते.

तक्रार अशी आहे. सकाळी पहिल्यांदा बटण दाबले की कॅबिनेटमधला पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दाबत राहिले की कधीतरी संगणक चालू होतो, आणि एकदा चालू झाला की दुपारपर्यंत काहीही त्रास देत नाही. मध्ये बंद करून लगेच चालू केला तरी पहिल्याच दाबात सुरू होतो. पावसाळा सुरू झाल्यापासून मात्र दुसरा त्रास वाढला आहे. मोठी फाइल पीडीएफ करताना किंवा छपाईला पाठवताना तो कोणतीही सूचना न देता, निळा पडदा न दाखवता, एकदम बंद पडतो.

संगणक सुमारे सात वर्षांचा आहे. एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा सप्लाय, कॅबिनेटबरोबरच आलेला असून त्यावर ५०० वॅट असे छापलेले आहे. मागे सहाशे व्हीएचा यूपीएस आहे. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी झाकण न उघडताच मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला आहे. तेवढा खर्च करण्याआधी नेमका दोष कुठे आहे हे मला समजून घ्यायचे आहे. माझ्याकडे साधे डिजिटल मल्टीमीटर आहे आणि ते वापरण्याची सवयही आहे. विंडोजच्या नोंदींमध्ये प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसते.

उद्यमबाग

आपण लक्षणे अतिशय नीट लिहिली आहेत, आणि अशा दोषात निम्मे निदान लक्षणांच्या क्रमावरूनच होते. मी बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या कंट्रोल पॅनेलची दुरुस्ती करतो. तिथेही चोवीस व्होल्टचे सप्लाय हाच सर्वांत जास्त वेळा बिघडणारा भाग असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या नोंदीविषयी. कर्नल-पॉवर ४१ याचा अर्थ फक्त इतकाच आहे की विंडोज व्यवस्थित बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला. तो एसएमपीएसमुळे बंद पडला असे ती नोंद सांगत नाही. भिंतीवरचे बटण कोणी बंद केले तरी तीच नोंद पडते. त्या नोंदीच्या तपशिलात बगचेक-कोड, म्हणजे विंडोजने नोंदवलेल्या चुकीचा क्रमांक, शून्य असेल, तर विंडोजला आपली चूक लिहून ठेवण्याइतकाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज अचानक तुटली असण्याची शक्यता वाढते. तेवढ्यावर एसएमपीएस बदलायला धावू नये.

माझा आग्रह असा आहे की शोध भिंतीपासून सुरू करून आत यावा, आणि प्रत्येक टप्प्यावर भार चालू असताना मोजावे. आपल्या भागात हा क्रम सोडला तर पैसे हमखास वाया जातात, कारण भिंतीतला दोष तसाच राहतो आणि नवा एसएमपीएसही काही महिन्यांत त्याच वाटेने जातो. म्हणून कॅबिनेटला हात न लावता पहिल्यांदा हे पाहावे: ज्या सॉकेटवर यूपीएस लावला आहे तिथे फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ अशी तीन मोजमापे, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी दिवे लागल्यावर. मीटर सातशे किंवा साडेसातशे व्होल्टच्या एसी पट्ट्यावर ठेवावे, प्रोबच्या वायरी चिरलेल्या नसाव्यात, आणि हात ओले असताना हे काम करू नये. शंका वाटल्यास वायरमनला समोर बसवून करून घ्यावे.

आणखी एक सांगा. पाय उघडे असताना कॅबिनेटच्या धातूला हात लावला तर झिणझिण्या येतात का?

तिळकवाडी

एक शक्यता आधी बाजूला काढावी असे वाटते. भार पडल्यावर एकदम बंद पडणे हे प्रोसेसर तापल्याचेही लक्षण असते. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी असाच सूचनेविना बंद होतो. खानापूरच्या पावसाळ्यात कागदाची धूळ आणि ओलावा मिळून हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, जाड थर बसतो, तो एकदा काढून पाहावा. फरक ओळखण्याची खूण अशी की तापून बंद पडलेला संगणक लगेच चालू केला तर पुन्हा लवकर बंद पडतो आणि थंड झाल्यावर नीट चालतो. आपला संगणक मात्र थंड असतानाच चालू होण्यास त्रास देतो, म्हणून माझाही कल एसएमपीएसकडेच आहे. पण तापमान पाहून ही शंका कायमची मिटवावी.

खानापूर डीटीपी

दोघांचेही आभार. हीटसिंक साफ केला. पीडीएफ करताना तापमान सत्तरच्या वर गेले नाही आणि तरीही संगणक बंद पडला, त्यामुळे ती शंका संपली आहे. नोंदीतला बगचेक-कोड शून्यच आहे.

सॉकेटवरची मोजमापे: सकाळी फेज ते न्यूट्रल २२८, संध्याकाळी १९४ ते २०० यांच्या मध्ये हलत राहते. फेज ते अर्थ १२८ आणि न्यूट्रल ते अर्थ ९८ व्होल्ट, आणि हे दोन्ही आकडे स्थिर राहत नाहीत. झिणझिण्यांबद्दल विचारलेत ते बरोबर ओळखलेत. मागच्या बाजूच्या स्क्रूंना हात लागला की त्या येतात. पावसाळी हवेमुळे असे होत असावे असा आमचा सर्वांचा समज होता. यूपीएस काढून संगणक थेट भिंतीवर लावूनही पाहिला. दोन्ही त्रास तसेच आहेत.

उद्यमबाग

आपल्या सॉकेटला अर्थिंग नाही. तिसऱ्या छिद्रात तार असेलही, पण ती जमिनीपर्यंत पोहोचत नाही. अर्थिंग चांगले असते तेव्हा फेज ते अर्थ हा आकडा फेज ते न्यूट्रल इतकाच असतो आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या आसपास राहतो. आपल्याकडे दोन आकड्यांची बेरीज २२६ आहे, म्हणजे अर्थची तार दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तरंगत आहे.

झिणझिण्यांचे कारण पावसाळी हवा हे नाही. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, आणि त्यात फेजपासून बॉडीपर्यंत एक आणि न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला उच्च वारंवारतेचा गोंगाट जमिनीत सोडून देणे हे त्यांचे काम आहे. जमिनीची वाट तुटलेली असली की त्याच दोन कपॅसिटरांमुळे कॅबिनेट मुख्य व्होल्टेजच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, जाऊन बसते. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या आतली एखादी फेजची वायर खरोखरच बॉडीला टेकली, तर फ्यूज उडवायला किंवा एमसीबी पाडायला वाटच राहणार नाही आणि पूर्ण व्होल्टेज कॅबिनेटवर उभे राहील. दुकानात गिऱ्हाईक आणि मुले वावरतात. म्हणून संगणकाचा विचार थोडा बाजूला ठेवून हे काम आधी करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वायरमनने मेन बोर्डापासून अर्थच्या खड्ड्यापर्यंतची तार तपासावी. आपल्याकडच्या पावसात पाइपाच्या तोंडावरचा नट-बोल्टचा सांधा गंजून तुटतो, आणि वरून पाहणाऱ्याला तार जागेवरच दिसते. घरगुती आणि दुकानांच्या अर्थिंगचे नियम भारतीय मानक ३०४३ मध्ये दिलेले आहेत. त्याचबरोबर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला तर माणसाच्या जिवाला खरे संरक्षण मिळते.

एक गोष्ट कोणीही सुचवली तरी करू नये: सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेने जोडणे. असे केल्यावर मीटर न्यूट्रल ते अर्थ शून्य दाखवते, झिणझिण्याही जातात आणि सगळे ठीक झाल्यासारखे वाटते. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी त्या दुकानातल्या प्रत्येक यंत्राच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतील. मी अशी जोडणी अनेक ठिकाणी काढून टाकली आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर अर्थ नसल्यामुळे संगणक सकाळी चालू होत नाही असे होणार नाही. तो दोष वेगळा आहे आणि त्याकडे पुढे येऊ. मात्र वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा येणारे झटके जमिनीत जाण्याऐवजी एसएमपीएसच्या आतच जिरत होते, आणि त्याच्या अकाली म्हातारपणात त्याचा वाटा असू शकतो.

वडगाव माग

आमच्याकडे पॉवरलूम आहेत, म्हणून संध्याकाळच्या १९४ व्होल्टविषयी लिहितो. एका ट्रान्सफॉर्मरवर बऱ्याच मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसते, आणि खेडोपाडी शेतीपंपांना थ्री-फेज दिल्याच्या तासांत हेच घडते. व्होल्टेज कमी असणे एसएमपीएसला तितके घातक नसते. तो जास्त प्रवाह ओढून काम भागवतो, फक्त थोडा अधिक तापतो. खरा धोका न्यूट्रल सैल होण्याचा असतो. आमच्या गल्लीत खांबावरचा न्यूट्रल सुटला तेव्हा काही घरांत दिवे मंद झाले, तर काहींत डोळे दिपतील इतके प्रखर झाले, आणि प्रखर दिवे असलेल्या घरांतले टीव्ही आणि संगणक गेले. थ्री-फेजमधल्या दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात आणि न्यूट्रल तुटल्यावर त्यातले कितीही एखाद्या घराच्या वाट्याला येऊ शकतात. दिवे अकारण प्रखर होताना दिसले तर आधी मेन स्विच बंद करावा आणि मगच हेस्कॉम या वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

अथणी शाळा

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि संगणक कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्या कक्षातही असेच दोन संगणक पडून आहेत. हिरवी आणि काळी तार पेपरक्लिपने जोडून पाहावी, पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला समजावा, असे मला एकाने सांगितले. ही चाचणी विश्वासार्ह आहे का? आणि विद्यार्थ्यांसमोर करून दाखवण्याइतकी सुरक्षित आहे का?

उद्यमबाग

मॅडम, ही चाचणी अर्धेच उत्तर देते. तिच्यामागे काय घडते ते सांगतो, म्हणजे खानापूरच्या मित्रांनाही पुढची मोजमापे करता येतील.

संगणकाला वीज जोडलेली असते तेव्हा तो बंद दिसत असला तरी एसएमपीएसचा एक छोटा भाग सतत जागा असतो. तो जांभळ्या तारेवर पाच व्होल्ट देतो. मदरबोर्ड त्यावर बटणाची वाट पाहतो. बटण दाबले की मदरबोर्ड हिरवी तार जमिनीशी, म्हणजे काळ्या तारेशी, जोडतो आणि तेवढ्यावर मुख्य भाग सुरू होतो: पिवळ्या तारांवर १२, लाल तारांवर ५ आणि नारिंगी तारांवर ३.३ व्होल्ट. ही सगळी व्होल्टेज जागेवर आल्याची खात्री झाली की एसएमपीएस करड्या तारेवर पाच व्होल्टचा होकार देतो. संगणकाच्या सप्लायसाठीच्या मानकाप्रमाणे हा होकार १०० ते ५०० मिलिसेकंदांत यायला हवा. तो येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला काम सुरू करू देत नाही, आणि काम चालू असताना तो होकार गेला की सगळे त्याच क्षणी थांबते. सूचनेविना बंद पडणे म्हणजे बहुतेक वेळा हेच असते.

पेपरक्लिपने आपण मदरबोर्डच्या ऐवजी हिरवी तार काळीशी जोडतो. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार सोळाव्या जागी असते. या तारांवर व्होल्टेज कमी असल्यामुळे झटका बसण्याची भीती नाही. तरी कनेक्टर मदरबोर्डमधून पूर्ण काढलेला असावा, आणि जोडणी करण्याआधी एसएमपीएसची मुख्य वायर भिंतीतून काढलेली असावी. पंखा मुळीच फिरला नाही, तर एसएमपीएस गेलेला असण्याची शक्यता खूप मोठी आहे. त्यातही काही चांगले सप्लाय भार नसताना पंखा मुद्दाम फिरवत नाहीत, म्हणून पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट आहेत की नाहीत ते मीटरनेच पाहावे. उलट पंखा फिरला यावरून एवढेच कळते की भार नसताना तो उभा राहतो. रिकामी बैलगाडी चढ चढते म्हणून उसाने भरलेली चढेलच असे नाही.

तेव्हा खरी चाचणी कॅबिनेटच्या आत, संगणक चालू असताना आणि काम करताना घ्यावी. मीटर वीस व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर ठेवा. काळा प्रोब कोणत्याही काळ्या तारेच्या टोकाला लावा आणि लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने, तार जिथे प्लॅस्टिकमध्ये शिरते तिथून, आत सरकवून धातूला टेकवा. प्रोबचे टोक शेजारच्या दुसऱ्या पिनेला लागू देऊ नका, कारण तिथे शॉर्ट झाला तर मदरबोर्ड जाईल. स्वीकारार्ह मर्यादा पाच टक्के वर-खाली इतकी आहे: १२ व्होल्टसाठी ११.४० ते १२.६०, ५ व्होल्टसाठी ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ व्होल्टसाठी ३.१४ ते ३.४६. बायोसमध्ये किंवा संगणकातल्या प्रणालीत दिसणाऱ्या आकड्यांवर निर्णय घेऊ नये, कारण ते मदरबोर्डवरच्या सेन्सरचे असतात आणि पुष्कळदा सरळ चुकीचे असतात.

खानापूरच्या मित्रांनी चार गोष्टी मोजाव्यात. सकाळी बटण दाबण्याआधी जांभळ्या तारेवर किती व्होल्ट आहेत आणि दाबल्याच्या क्षणी ते कोसळतात का. चालू न होणाऱ्या प्रयत्नात करडी तार पाच व्होल्टवर येते का. संगणक शांत असताना पिवळी आणि लाल तार किती दाखवतात. आणि मोठी पीडीएफ चालू असताना त्याच दोन तारांवर काय होते; त्यातली पिवळी तार प्रोसेसरच्या चार पिनांच्या कनेक्टरवर एकदा आणि मोकळ्या राहिलेल्या एखाद्या हार्ड डिस्कच्या कनेक्टरवर एकदा. या दोन जागा मुद्दाम सांगतो आहे. प्रोसेसरच्या कनेक्टरवर व्होल्टेज बसले आणि मोकळ्या कनेक्टरवर बसले नाही, तर एसएमपीएस ठीक असून कनेक्टरची पिन जळलेली किंवा सैल झालेली असते. तिथले पांढरे प्लॅस्टिक पिवळट झालेले दिसले की ओळखावे.

खानापूर डीटीपी

आधी महत्त्वाचे: वायरमनला बोलावले. खड्ड्याजवळचा सांधा खरोखरच गंजून तुटलेला होता. नवी तार आणि नवा क्लॅम्प बसवल्यावर फेज ते अर्थ २२६ आणि न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट आले. झिणझिण्या पूर्ण थांबल्या. आरसीसीबीही बसवून घेतला.

आतली मोजमापे: जांभळी तार सकाळी ५.०४ होती आणि बटण दाबल्यावरही तिच्यात फरक पडला नाही. चालू न होणाऱ्या प्रयत्नात पंखा हलतो तेवढ्या वेळात करडी तार अर्ध्या व्होल्टच्या वर गेलीच नाही. संगणक शांत असताना पिवळी ११.८८ आणि लाल ५.१०. पीडीएफ सुरू केल्यावर पिवळी हळूहळू उतरत ११.२६ पर्यंत आली आणि त्याच वेळी लाल चढून ५.२३ झाली, त्यानंतर थोड्याच वेळात संगणक बंद पडला. प्रोसेसरचा कनेक्टर आणि मोकळा कनेक्टर यांत फक्त दोन-तीन शतांशांचा फरक होता. कनेक्टरचे प्लॅस्टिक स्वच्छ पांढरे आहे.

लाल तार वर का गेली हे मला कळले नाही. तिच्यावर तर काही भार वाढला नव्हता.

उद्यमबाग

आता निदान पक्के झाले. दोष एसएमपीएसचा आहे आणि मदरबोर्ड बदलण्याचे काही कारण नाही.

लाल तार वर जाणे हीच या सगळ्यातली सर्वांत बोलकी खूण आहे. स्वस्त आणि जुन्या रचनेच्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट यांचे नियंत्रण एकत्र केलेले असते. भार १२ व्होल्टवर वाढला की ते खाली बसतात, नियंत्रक दोन्हींची सरासरी सांभाळण्यासाठी जोर लावतो, आणि ज्या तारेवर भार नाही ती पाच व्होल्टची तार त्या जोरामुळे वर चढते. आजच्या संगणकात प्रोसेसर जवळजवळ सगळी शक्ती १२ व्होल्टवरून घेतो, त्यामुळे ही जुनी रचना त्याला अपुरी पडते. मदरबोर्डने वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढल्यामुळेही १२ व्होल्ट बसू शकतात हे खरे. पण तसे असते तर संगणक शांत असतानाही काहीतरी तापलेले दिसले असते आणि सकाळच्या थंडीशी त्याचा संबंध राहिला नसता.

सकाळचा त्रास कपॅसिटरमुळे आहे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षे उष्णतेने सुकत जातो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. द्रव थंड असताना हा रोध आणखी जास्त असतो. त्यामुळे सकाळी १२ आणि ५ व्होल्ट गुळगुळीत होत नाहीत, एसएमपीएस स्वतःचीच व्होल्टेज नाकारतो, करड्या तारेवर होकार देत नाही आणि थांबतो. प्रत्येक प्रयत्नात कपॅसिटर थोडे गरम होतात, रोध उतरतो आणि शेवटी तो उभा राहतो. म्हणूनच दुपारी बंद करून चालू केला तर पहिल्या दाबात सुरू होतो. थंड असताना अडणारा आणि गरम झाल्यावर चालणारा सप्लाय म्हणजे सुकलेले कपॅसिटर, हे मी पॅनेलच्या कामातही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

निपाणी दुरुस्ती

निदान मला पूर्ण मान्य आहे, पण उपायाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. असे एसएमपीएस मी नेहमी दुरुस्त करतो. दुय्यम, म्हणजे कमी व्होल्टेज बाहेर देणाऱ्या, बाजूचे चार-पाच कपॅसिटर १०५ अंशांचे आणि कमी रोधाचे घातले की तो पुन्हा उभा राहतो, आणि खर्च नव्याच्या तुलनेत फार थोडा येतो. फुगलेली टोपी दिसली तर प्रश्नच नाही; पण टोपी सपाट असूनही कपॅसिटर सुकलेला असू शकतो, त्यामुळे कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणाऱ्या ईएसआर मीटरनेच तपासावे. तपमान दर दहा अंशांनी वाढले की या कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून पंखा घासत असेल तर तोही त्याच वेळी बदलावा. चालणारी वस्तू भंगारात टाकण्याआधी विचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

मात्र हे घरी कोणीही उघडून करू नये. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि वायर भिंतीतून काढल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात.

उद्यमबाग

आपल्या हाताला अनुभव आहे आणि आपण ईएसआर मीटर वापरता, म्हणून आपल्याकडे दुरुस्त झालेला सप्लाय मी विश्वासाने घेईन. खानापूरच्या बाबतीत मात्र मी नवा घ्यावा असेच म्हणेन. कपॅसिटर बदलल्याने सकाळचा त्रास जाईल. पण १२ व्होल्ट बसण्याचे दुसरे कारण मूळ रचनेतच आहे, आणि ती रचना कपॅसिटर बदलून सुधारत नाही. शाळेतल्या हलक्या कामाच्या संगणकांसाठी आपला उपाय योग्य ठरेल.

खानापूर डीटीपी

नवा घ्यायचे ठरवले आहे. बेळगावला जाऊन घेईन. किती वॅटचा घ्यावा? सध्याचा ५०० वॅटचा असूनही अपुरा पडला, म्हणजे सहाशे-सातशेचा लागेल का?

तिळकवाडी

वॅटचा मोठा आकडा पाहू नका. एसएमपीएसच्या बाजूला जो तक्ता चिकटवलेला असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा आणि त्याला बाराने गुणा. आपल्या सध्याच्या सप्लायवरही हा हिशोब करून पाहा.

खानापूर डीटीपी

पाहिले. १२ व्होल्टखाली १६ अँपिअर लिहिले आहेत. म्हणजे १९२ वॅट! पाचशे कुठून आले ते कळत नाही.

तिळकवाडी

सगळ्या रकान्यांची बेरीज फुगवून ते आले आहेत, आणि ते १९२ सुद्धा सतत मिळतील असे नाही. चांगल्या ४५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टखाली ३६-३७ अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे जवळजवळ सगळी शक्ती तिथे मिळते. आपल्या कामाला तेवढा पुष्कळ आहे. ८० प्लसचे, म्हणजे वीज कमी वाया घालवत असल्याचे, प्रमाणपत्र असलेला घ्यावा, आणि तक्त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असा पूर्ण पल्ला लिहिलेला असावा. मग संध्याकाळच्या १९४ व्होल्टची चिंता राहत नाही. ज्याच्या मागे ११५ आणि २३० असे लाल रंगाचे सरकते बटण असते, तो जुन्या रचनेचा समजावा. ते बटण आपल्याकडे चुकून ११५ वर सरकले आणि वीज दिली तर सप्लाय त्याच क्षणी जातो, म्हणून शाळांमध्ये तर असा सप्लाय नकोच.

कोल्हापुरात घ्या की बेळगावात, पक्के बिल घ्या आणि हमीची वर्षे बिलावर लिहून घ्या.

यूपीएसबद्दलही एक सूचना. नव्या सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे भिंतीतून ओढलेला प्रवाह विजेच्या लाटेशी जुळवणारी रचना, असेल. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर खरी साइन लाट न देता पायऱ्यांची लाट देतो, आणि काही सप्लायना ती मानवत नाही. नवा सप्लाय बसवल्यावर, फाइल जतन करून, यूपीएसची भिंतीवरची वायर काढून पाहा. एसएमपीएस वीज नसतानाही सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरेल अशी रचना मानकात अपेक्षित आहे आणि यूपीएस त्याहून लवकर बदल करतो, त्यामुळे संगणक चालूच राहायला हवा. तो बंद पडला तर आधी यूपीएसची बॅटरी तपासा.

खानापूर डीटीपी

तक्ता पाहून ४५० वॅटचा, १२ व्होल्टवर ३६ अँपिअरचा सप्लाय आणला आणि बसवला. पीडीएफ चालू असताना पिवळी तार ११.९७ च्या खाली गेली नाही आणि लाल ५.०२ वर स्थिर आहे. सकाळी थंड संगणक पहिल्याच दाबात चालू होतो. यूपीएसची वायर काढून पाहिली, संगणक चालूच राहिला. मदरबोर्ड जुनाच आहे. जुना सप्लाय निपाणीला पाठवत आहे. दुरुस्त झाला तर शाळेच्या उपयोगी पडेल.

अथणी शाळा

मनापासून आभार, तो सप्लाय आमच्याकडे नक्की वापरला जाईल. एक शेवटची शंका आहे. आमच्या बंद संगणकांपैकी एक कार्यालयातून आलेला, मोठ्या कंपनीचा आहे. त्याच्या मदरबोर्डवर २४ पिनांच्या जागी सहाच पिनांचा कनेक्टर आहे. त्याला हा सप्लाय कसा बसवावा? आणि दुसऱ्या एका सप्लायच्या सुट्या वायरी आमच्याकडे आहेत, त्या वापरता येतील का?

उद्यमबाग

मॅडम, सहा पिनांचा मदरबोर्ड फक्त १२ व्होल्ट घेतो आणि ५ व ३.३ व्होल्ट स्वतः तयार करतो. त्याला २४ पिनांचा सप्लाय थेट बसत नाही. २४ वरून सहावर आणणारी जोडवायर बाजारात मिळते, पण ती नेमक्या त्याच मॉडेलसाठी बनवलेली असावी, कारण पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. घेण्याआधी मॉडेलचा क्रमांक इथे लिहा, म्हणजे पिनांचा नकाशा तपासून सांगता येईल.

सुट्या वायरी मात्र वापरू नका. सुट्या वायरींच्या सप्लायमध्ये हार्ड डिस्ककडचे टोक सर्वांचे सारखे असते, पण सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो. कनेक्टर सहज बसतो, आणि हार्ड डिस्कच्या पाच व्होल्टच्या पिनेवर बारा व्होल्ट जाऊन ती मुलांच्या सगळ्या कामासह जळते. त्या वायरी कोणत्या सप्लायच्या आहेत ते माहीत असेल तर त्यावर चिठ्ठी लावून ठेवा. माहीत नसेल तर बाजूला काढा.

अथणी शाळा

समजले. वायरी वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. मॉडेलचा क्रमांक उद्या शाळेत जाऊन कळवते. कक्षातल्या सॉकेटवरची तिन्ही मोजमापेही वायरमनकडून घेऊन याच धाग्यावर लिहीन.